‘चुकलंमाकलं’ लिहिणारे दोन वकील

काकांचा ब्लॉग महिनाअखेरीस कायमचा बंद होणार, ही बातमी त्यांना कळली तीही विरुद्ध बाजूच्या वकिलाकडून. आता बोला! ज्यानं ब्लॉग लिहिला त्याला पत्ता नाही, आणि बिल्डरच्या वकिलानं मात्र त्याचं पान न् पान छापून कोर्टात दाखलसुद्धा केलं होतं.

"काका, आधी बसा," पुतणी म्हणाली.

"बसलोच आहे की."

"मग उठू नका." असं म्हणून तिनं टॅब्लेट त्यांच्यासमोर धरला.

पुतणी म्हणजे काकांच्या धाकट्या भावाची मुलगी. काकांच्याच हाताखाली वकिली शिकली आणि आता ऑफिस तीच चालवायची. कपाटातल्या फायली टॅब्लेटमध्ये गेल्या, अर्ज पोर्टलवरून जायला लागले, पुढच्या तारखा फोनवर वाजायला लागल्या. काका रोज येत, आपल्या जुन्या खुर्चीत बसत, चहा पीत आणि कुणी विचारलं तर सल्ला देत. कुणी विचारलं नाही तरी देत.

पडद्यावर एक फोटो होता. ढेरपोट्या मॉनिटरच्या दोन बाजूंना दोन तरुण वकील, दोघंही दात काढून हसतायत. एक काका. दुसरा त्यांच्यापेक्षा चांगला वीतभर उंच, त्यामुळे फोटोत त्याचं अर्धं कपाळ कापलं गेलेलं. सगळं कोर्ट त्याला लंबू म्हणायचं. काकांनी फोटो बघितला, चष्मा काढला आणि पुसत बसले. चष्मा तसा स्वच्छच होता.

"हा काय चावटपणा आहे?"

"चावटपणा नाही, अपिलातला नवा मुद्दा आहे. निकाल देणारे न्यायाधीश आणि बाईंचे वकील, म्हणजे हे आणि तुम्ही, जिवलग मित्र होते, मिळून ब्लॉग चालवायचे, म्हणून निकाल पक्षपाती. ब्लॉगवाली कंपनी गाशा गुंडाळतेय, म्हणून त्यांनी घाईघाईनं सगळं छापून घेतलंय."

"गाशा गुंडाळतेय? म्हणजे ‘चुकलंमाकलं’ जाणार?"

"काका! मी काय सांगतेय आणि तुम्ही काय ऐकताय!"

ऐकलं होतं हो त्यांनी सगळं. पण माणसाच्या काळजाला एका वेळी एकच गोष्ट लागते.

खटला बाईंचा होता. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, एकट्या राहायच्या. बिल्डर म्हणत होता की त्यांनी घर विकायचं कबूल करून सही दिली, आणि बाई म्हणत होत्या की ही सही माझी नाहीच. काकांनी तो खटला जीव तोडून लढवला. तेव्हा लंबू न्यायाधीश होता, आणि त्या गावात असले खटले चालवणारं कोर्ट एकच, ते नेमकं त्याचं. त्यानं पहिल्याच दिवशी भर कोर्टात सांगितलं होतं, की हे वकील आणि मी पूर्वी एकाच ऑफिसात होतो, कुणाची हरकत असेल तर आत्ताच बोला. बिल्डरची हरकत नव्हती. निकाल विरुद्ध गेल्यावर त्याला ती सुचली. अपील पडून राहिलं, लंबू निवृत्त झाला, आणि आता इतक्या वर्षांनी ते सुनावणीला आलं होतं. निकाल रद्द झाला तर सगळं पहिल्यापासून सुरू. बाईंचं वय बघता पहिल्यापासून सुरू म्हणजे काय, हे सगळ्यांनाच कळत होतं.

"काळजी करू नका, ब्लॉग मी उतरवून घेते," पुतणी म्हणाली. तिनं कुठलंसं टूल लावलं आणि काकांचा चहा निवायच्या आत सगळा ब्लॉग त्यांच्या टॅब्लेटमध्ये आणून ठेवला. काकांना बरं वाटलं आणि थोडा रागही आला. आयुष्याची उमेदीची वर्षं, आणि ती अशी चुटकीसरशी उचलून आणता येतात म्हणजे काय!

त्या दुपारी ते वाचत बसले ते बसलेच.

ते आणि लंबू एका खोलीत वकिली करायचे. खाली किल्ल्या करणाऱ्याचं दुकान, वर हे दोघं; एक टेबल, दोन खुर्च्या, आणि एकाचा पक्षकार आला की दुसऱ्यानं जिन्यात जाऊन उभं राहायचं. त्या इमारतीतला पहिला कॉम्प्युटर त्यांनी घेतला. तो टेबलावर बसल्यावर टेबलावर दुसरं काही बसेना, म्हणून फायली जमिनीवर गेल्या. इंटरनेट लावलं की मोडेम आधी किंचाळायचा, मग खरखरायचा, आणि तेवढा वेळ ऑफिसचा फोन बंद. पक्षकार संतापायचे. "वकीलसाहेब, काल दिवसभर तुमचा फोन लागत नव्हता!" यावर लंबू गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "फार मोठ्या कामात होतो."

मोठं काम म्हणजे ‘चुकलंमाकलं’. डोकं लंबूचं. वकील जिंकलेल्या खटल्यांच्या गप्पा मारतात, त्यातून कुणी काही शिकत नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणून नियम ठरला: कोर्ट सुटलं की आज आपण काय घोळ घातला ते लिहायचं. स्वतःचा घोळ. दुसऱ्याचा लिहायची सक्त मनाई. काका ‘हरकतदार’ या नावानं लिहायचे, लंबू ‘पुढची तारीख’ या नावानं.

आणि काय एकेक घोळ! काकांनी एकदा हातात फाइल दुसरीच घेऊन इतक्या तावातावानं युक्तिवाद केला, की न्यायाधीशांनी विचारलं, "वकीलसाहेब, हे सगळं पटलं, पण तुमच्या पक्षकाराकडे म्हैस आहे हे आम्हाला आजच कळतंय." खटला भाड्याच्या खोलीचा होता. लंबूनं एकदा साक्षीदाराला अगदी कोपऱ्यात गाठलं, जिंकलाच होता, आणि तिथं थांबायचं सोडून विचारलं, "मग तुम्हाला इतकं नक्की कसं आठवतं?" साक्षीदारानं ते इतकं व्यवस्थित सांगितलं की लंबूचा खटला तिथंच आडवा झाला. त्या लेखाखाली कुठल्या कुठल्या गावांहून वकिलांनी लिहिलं होतं. कुणी म्हणत होतं माझंही असंच झालं, कुणी अर्जाचा नमुना मागत होतं, कुणी नवा आलेला कायदा समजावून सांगा म्हणत होतं. एकानं नुसतं लिहिलं होतं, ‘आज पहिल्यांदा कळलं की चुकणारा मी एकटाच नाही.’ ते वाचून दोघं दिवसभर खूश होते.

पण खरं सांगायचं तर त्यातलं एक अक्षरही या दोघांनी टाइप केलेलं नव्हतं. मराठी टाइप करायचं म्हणजे तेव्हा दिव्य होतं. फॉन्ट जुळला नाही तर दुसऱ्याच्या पडद्यावर नुसते चौकोन. दोघं कागदावर खरडायचे आणि टाइप करायच्या काकू. काकू म्हणजे काकांची बायको. कोर्ट सुटायच्या सुमाराला ऑफिसात यायच्या, पदर खोचून त्या कॉम्प्युटरसमोर बसायच्या आणि दोघांची बिनपाण्यानं करायच्या.

"भावजी, केवढं हे वाक्य! कोर्टातही असंच बोलता का? मग तारखा पडतील नाही तर काय!"

"वहिनी, त्यात एक बारीक कायदेशीर मुद्दा आहे."

"असू दे की. मी काढला तर कुणाला कळणारही नाही."

आणि काढायच्या! लंबू त्यांच्यापुढे मान खाली घालून उभा राहायचा. लग्न त्यानं केलं नव्हतं. घरचं माणूस म्हणावं असं त्याला कुणी नव्हतं, या दोघांखेरीज.

काकांनी टॅब्लेट उलटा ठेवला.

मग लंबू न्यायाधीश झाला. आदल्या दिवशी तो नेहमीसारखा आला, पण खुर्चीत बसला नाही, दारातच उभा राहिला. म्हणाला, "उद्यापासून मी इकडे यायचा नाही. तूही येऊ नकोस." काका म्हणाले, "कळतं रे, मी काय दूधखुळा आहे?" न्यायाधीशानं वकिलांच्या घरी उठबस करायची नसते, त्यात नवीन काही नव्हतं. काकूंना मात्र ते शेवटपर्यंत पटलं नाही. "हे कसलं खूळ? न्यायाधीश झालं म्हणजे माणूस जेवत नाही की काय?" लंबू हसला आणि जिना उतरून गेला. त्यानंतर ‘चुकलंमाकलं’वर हरकतदार एकटाच लिहीत राहिला, आणि काकू गेल्यावर तोही थांबला.

काकू गेल्या तेव्हा अख्खं कोर्ट घरी लोटलं. शिपाई आले, टायपिस्ट आले, ज्यांच्याशी उभा दावा होता ते वकील आले. खालचा किल्लीवाला आला आणि ढसाढसा रडला. लंबू आला नाही. फोन नाही, चिठ्ठी नाही, कुणाकडून एक निरोप नाही. काका दाराकडे बघत बसले. मग दाराकडे बघणंही सोडलं.

त्या दिवसापासून लंबूचं नाव घरात निघालं की काकांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "तो माझा कुणी नाही," ते म्हणायचे. लंबू निवृत्त झाला, त्याच गावात चार गल्ल्या सोडून राहायला आला, तरी ते गेले नाहीत. अपील चालू आहे, असं बरं दिसणार नाही, हे लोकांना सांगायला होतं. आतून त्यांना एकच हवं होतं, की त्यानं यावं. त्यानं यावं आणि मग त्याला दारातून हाकलून द्यावं. नाही तर मिठी मारावी. दोन्हींतलं काय, ते त्यांचं त्यांनाही ठरवता आलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुतणीनं प्रतिज्ञापत्राचा मसुदा पुढे ठेवला. सोपं काम होतं. नेमणुकीनंतर आमची मैत्री संपुष्टात आली, असं काकांनी शपथेवर सांगायचं, आणि पडद्यावर बोटानं सही करायची.

काकांनी वाचलं. बोट उचललं आणि तसंच धरून बसले.

"मैत्री संपुष्टात आली, हे काढ."

"का? तुम्हीच म्हणता ना, तो माझा कुणी नाही म्हणून."

"घरात म्हणतो! घरात मी काय वाट्टेल ते म्हणेन. शपथेवर कसं म्हणू?"

पुतणीनं कपाळाला हात लावला. "काका, अहो बिल्डरचं म्हणणंच ते आहे, मैत्री जिवंत होती! तुम्ही ती नव्हती म्हणायला तयार नाही, म्हणजे त्यांच्या हातात आयतं कोलीत देणं झालं. बाईंचं घर जाईल. एका वाक्यासाठी!"

पोरीचं चुकत नव्हतं. पक्षकाराचं घर पणाला लावायचा आपल्याला काय अधिकार? काकांनी टॅब्लेट बाजूला सारला, फोन उचलला आणि बाईंनाच लावला. काहीही न लपवता सगळं सांगितलं. म्हणाले, बाई, तुम्ही म्हणाल तसं करतो, नाही तर दुसरा वकील करा, पण हे असं आहे.

बाई म्हणाल्या, "वकीलसाहेब, न केलेली सही माझी आहे म्हणणाऱ्यांशी मी इतकी वर्षं भांडले. आता माझ्यासाठी तुम्ही खोटी सही करू नका."

काकांनी फोन ठेवला. त्यांनी वाक्य बदलून घेतलं: नेमणुकीनंतर कोर्टाबाहेर आमची भेट, फोन, निरोप यातलं काहीही झालेलं नाही.

"काहीच नाही?" पुतणीनं विचारलं. "काकू गेल्या तेव्हासुद्धा?"

"नाही."

तिनं पडद्यावर काहीतरी मागे-पुढे केलं. "काका, तेव्हा युक्तिवाद संपून निकाल राखून ठेवलेला होता. निकाल द्यायचा बाकी होता."

"असेल."

"हे घालू का प्रतिज्ञापत्रात?"

"घाल," काका म्हणाले. "खरंच आहे." आणि सही करून, चप्पल घालून, कुणाशी न बोलता घरी गेले.

सुनावणी व्हिडिओवर होती. पुतणी काकांच्या घरीच कोट घालून पडद्यासमोर बसली, आणि काकांना तिनं कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असं भिंतीकडेला बसवलं. आरोप त्यांच्यावरच होता, तेव्हा बोलायचा प्रश्नच नव्हता. "काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही," तिनं दटावलं. काकांनी मुकाट्यानं मान हलवली.

बिल्डरचा वकील तरुण होता आणि तयारी करून आला होता. त्यानं ‘चुकलंमाकलं’ वाचायलाच घेतलं. लंबूचा लेख: ‘आज ऐन युक्तिवादात मुद्दा विसरलो. हरकतदारानं मागून माझा कोट ओढला आणि कानात सांगितला. हा माणूस नसता तर माझी वकिली केव्हाच बुडाली असती.’ वरच्या कोर्टाच्या न्यायमूर्तींना हसू आलं. भिंतीकडेला बसून काकाही हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. त्या वाक्यातला ‘केव्हाच’ काकूंनी घातला होता.

"आता सांगा," न्यायमूर्तींनी पुतणीला विचारलं. "मी प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं. भेट नव्हती, फोन नव्हता. पण मैत्री संपली होती, असं यात कुठेही म्हटलेलं नाही."

"नाही, मायलॉर्ड."

"म्हणजे मैत्री होती?"

बिल्डरचा वकील खुर्चीत रेलून बसला. काकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"होती, मायलॉर्ड," पुतणी म्हणाली. "पानं त्यांनीच दाखल केली आहेत, मी काय नाकारू? वकिलांच्या ज्या पत्नींनी त्या ब्लॉगचं अक्षर न् अक्षर टाइप केलं, ज्यांच्या घरी हे न्यायाधीश वर्षानुवर्षं जेवले, त्या गेल्या. त्या दिवशी या खटल्याचा निकाल राखून ठेवलेला होता. न्यायाधीश त्यांच्या घरी गेले नाहीत. फोन केला नाही. निरोप धाडला नाही. मैत्री नसती तर ते चार लोकांसारखे पाच मिनिटं टेकून आले असते, कुणाला काही वाटलं नसतं. मैत्री होती, म्हणून गेले नाहीत. याहून जास्त निःपक्षपातीपणा कुठल्या न्यायाधीशाकडे मागायचा, मला माहीत नाही."

आवाज बंद झाला की काय म्हणून पुतणीनं बटण तपासलं. बंद नव्हता.

काका भिंतीला टेकून बसले होते. नियम का त्यांना माहीत नव्हता? सगळं माहीत होतं. इतकी वर्षं वकील म्हणून कळत होतं आणि माणूस म्हणून कळत नव्हतं. लंबूला खुर्ची चढली, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं. आता दुसऱ्याच्या तोंडून, भर कोर्टात, युक्तिवाद म्हणून ऐकल्यावर त्यांना दिसलं: तो त्या दिवशी आला असता, तर आज बाईंचं घर गेलं असतं. आणि आपण इथं बसून रडत होतो, चार माणसं तरी पाठीवर हात ठेवायला होती. त्याचं काय? तो त्या दिवशी कोर्टात गेला असेल. लोक उठून उभे राहिले असतील, आणि हा बसून साक्षी लिहून घेत असेल. संध्याकाळी घरी गेला असेल, आणि घरी कोण होतं त्याच्या? ज्यांच्याकडे जाऊन रडावं ती दोनच माणसं. त्यातली एक गेलेली आणि दुसरीकडे जायला बंदी.

"लंब्या, लंब्या, काय रे हे," काका पुटपुटले. पुतणीनं मागे हात करून त्यांना गप्प केलं.

पक्षपाताचा मुद्दा न्यायमूर्तींनी तिथल्या तिथे फेटाळला. बाकी मुद्द्यांत दम नव्हताच. दुपारच्या आत अपील फेटाळलं गेलं आणि बाईंचं घर बाईंचं राहिलं. पुतणीनं त्यांना फोन केला तर त्या म्हणाल्या, कुंड्यांना पाणी घालायचं राहिलंय, ते घालून येते आणि मग नीट बोलते.

काका तोवर चप्पल शोधत होते.

"कुठे निघालात?"

"चार गल्ल्या पलीकडे."

"थांबा जरा. लेखी आदेश अजून साइटवर चढलेला नाही. तुमचे मित्र नियमाचे पक्के ना? दारातून परत पाठवतील."

काका चडफडत खुर्चीत बसले. एक चप्पल पायात, एक शोधायचीच होती. पुतणी हसू दाबून साइट रिफ्रेश करत राहिली. आणि इतक्यात काकांचाच फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"हॅलो, कोण?"

"आदेश चढला साइटवर," पलीकडून आवाज आला. म्हातारा झाला होता आवाज, पण त्यातली ती सावकाशी तीच. "आत्ताच वाचला. आता तुझ्या-माझ्यात काहीच चालू नाही."

पुतणीनं पडद्याकडे पाहिलं. खरंच, त्याच घडीला आदेश वर आला होता. त्यानं तो तिच्याही आधी बघितला होता.

या फोनसाठी काकांनी कितीतरी वर्षं एक भाषण घोटून ठेवलं होतं. सुरुवात कुठून करायची, कुठे आवाज चढवायचा, शेवटी काय सुनवायचं, सगळं तयार होतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ.

मग लंबू बोलला. कालच काहीतरी कानावर आलं असावं, तसं हलक्या आवाजात.

"वहिनी गेल्याचं कळलं रे," तो म्हणाला. "भेटायला येऊ का?"

फोन पडू नये म्हणून काकांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"ये," ते म्हणाले. "मी घरीच आहे. ये."